हसवणाऱ्याचे तीन खटले

बस्टर कीटनच्या क्लिप्स तुमच्या मोबाइलवर आल्या असतीलच. १९१७मध्ये त्याला कॅमेऱ्यासमोर आणलं रोस्को आर्बकलनं. जाडजूड पण चपळ, अख्ख्या अमेरिकेचा लाडका!

सप्टेंबर १९२१. सॅन फ्रान्सिस्कोच्या सेंट फ्रान्सिस हॉटेलात त्याची पार्टी होती. तिथं व्हर्जिनिया रॅप ही अभिनेत्री अत्यवस्थ झाली आणि चार दिवसांनी गेली. मूत्राशय फाटलं होतं. आर्बकलनं बळजबरी केली, असा आरोप झाला. पण आरोप करणाऱ्या बाईला सरकारी पक्षानं ज्युरीपुढे उभंच केलं नाही. पेपरांनी मात्र निकाल आधीच लावून टाकला, खपही वाढवून घेतला.

सदोष मनुष्यवधाचे तीन खटले चालले. दोनदा ज्युरीचं एकमत होईना. आणि बचाव पक्षानं काय केलं माहितीये? मेलेल्या व्हर्जिनियाचंच चारित्र्य उकरलं. ती किती प्यायची, कशी वागायची. उत्तर द्यायला ती होती कुठे? (ही युक्ती ओळखीची वाटतेय ना?)

एप्रिल १९२२मध्ये तिसऱ्या ज्युरीनं काही मिनिटांत त्याला निर्दोष सोडलं. तरी सहाच दिवसांत, स्टुडिओवाल्यांनीच नेमलेल्या विल हेजनं त्याचे सिनेमे बंद केले. तोवर युनिव्हर्सलनं करारात कलाकारांच्या वर्तनाचं कलमही घातलं होतं. ते कंपनीची अब्रू जपायला. सेटवर कुणी हात टाकला तर मुलीनं जायचं कुणाकडे, हे त्यानं ठरणार नव्हतं.

बंदी वर्षअखेरीस उठली. आर्बकल बरीच वर्षं विल्यम गुडरिच या नावानं दिग्दर्शन करत राहिला. १९३३मध्ये झोपेतच गेला, वय ४६. व्हर्जिनिया गेली तेव्हा तिशीची होती.