अ‍ॅडा लव्हलेस आणि क ची किंमत

गुरुजींनी शाळेच्या संगणकावर क = ५ असे लिहिले. त्याच्या खाली क = क + १ लिहिले. गुरुजी चुकले म्हणून आम्ही सगळे ओरडलो. पाच आणि सहा सारखे कसे असतील? पण संगणकाने ६ दाखवले. मग गुरुजींनी अ‍ॅडाबाईंची माहिती सांगितली, ती मी लिहीत आहे.

अ‍ॅडाचा जन्म १० डिसेंबर १८१५ रोजी इंग्लंडात लंडन शहरी झाला. वडील लॉर्ड बायरन मोठे कवी होते. पण ती जेमतेम महिन्याची असतानाच आई तिला घेऊन वेगळी राहू लागली. वडील परदेशी गेले ते परत आलेच नाहीत. ती आठ वर्षांची असताना ते ग्रीस देशात वारले. तिला त्यांचा चेहरापण आठवत नसणार. आईने तिला गणित शिकवायला मास्तर ठेवले. बाराव्या वर्षी तिला उडायचे यंत्र करायचे वेड लागले, म्हणून ती पक्ष्यांच्या पंखांचा अभ्यास करायची. १८२९ साली तिला गोवर आला आणि पाय लुळे पडले. तेव्हा गोवराची लस नव्हती. पुष्कळ दिवस ती अंथरुणावर होती, मग कुबड्या घेऊन चालू लागली. अभ्यास मात्र सोडला नाही.

१८३३ साली तिला चार्ल्स बॅबेज भेटले. ते चाकांचे हिशेबाचे यंत्र बनवत होते. पुढे अ‍ॅडाबाईंचे लग्न झाले, तीन मुले झाली, तरी त्या गणित शिकतच राहिल्या. त्यांना शिकवणारे डी मॉर्गन सर आपल्या भारतात मदुराईला जन्मले होते बरं का!

बॅबेजच्या नव्या यंत्रावर फ्रेंच भाषेत एक लेख आला होता. १८४३ साली त्यांनी तो इंग्रजीत केला व टिपा जोडल्या. टिपाच लेखाच्या तिप्पट झाल्या! खाली पूर्ण नाव नाही, नुसती तीन अक्षरे.

शेवटच्या टिपेत एक मोठा तक्ता आहे. यंत्रात चाकांचे उभे खांब असणार होते. त्यांना व्ही १, व्ही २ अशी नावे दिली. खांबावर जो आकडा, ती त्याची किंमत. समजा व्ही १ वर १, व्ही २ वर २, व्ही ३ वर ४ आहे. पहिल्या पायरीला २ गुणिले ४, झाले ८. ते व्ही ४ वर ठेवले. दुसऱ्या पायरीला ८ वजा १, झाले ७. ते परत व्ही ४ वरच! म्हणजे ८ गेले आणि ७ आले. खांब तोच, किंमत नवी. घोटाळा होऊ नये म्हणून बाई नावाच्या डोक्यावर डावीकडे बारीक आकडा लिहायच्या, ही कितवी किंमत ते कळायला. आमच्या क चे असेच झाले. आधी उजवीकडची बेरीज करायची, मग उत्तर क मध्ये ठेवायचे.

ते यंत्र पुरे झालेच नाही. २७ नोव्हेंबर १८५२ रोजी अ‍ॅडाबाई कर्करोगाने वारल्या. वय फक्त ३६. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना वडिलांच्या शेजारी पुरले.

— इयत्ता ४ थी