वैद्य आडनावाचा सावकार

इटलीच्या प्रबोधनकाळाचा अभ्यास करताना फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याचे नाव वारंवार येते. कलावंतांचे व विद्वानांचे आश्रयदाते अशी त्यांची ख्याती आहे. ज्या घरात कर्जाची वही कायम दुसऱ्याच्या हाती राहिली, अशा घरातून मी कॉलेजात आलो. त्यामुळे या आश्रयदात्यांजवळ पैसा आला कोठून, हाच प्रश्न मला प्रथम पडला. त्याचे उत्तर कोसिमो दि मेदिची याच्या चरित्रात सापडते.

मेदिची म्हणजे वैद्य. त्यांच्या ढालीवरील गोळ्यांना कोणी औषधाच्या गोळ्या म्हणत, तर कोणी नाणी. संत कॉस्मास व दामियन हे दोघे वैद्य संत या घराण्याने कुलदैवतासारखे मानले. १३८९ साली जन्मलेल्या कोसिमोचे नाव त्यांतील पहिल्या संतावरून आले. घराण्याचा खरा धंदा मात्र पेढीचा होता. त्याचा पिता जोव्हान्नी याने १३९७ मध्ये फ्लॉरेन्सला पेढी स्थापली. पोपच्या दरबाराचा पैसा हाताळण्याचे काम मिळाल्याने तिची भरभराट झाली.

त्या काळी ख्रिस्ती धर्माने व्याज घेणे पाप ठरविले होते. पेढीवाल्यांनी त्यातून हुंडीची वाट काढली. फ्लॉरेन्सला फ्लोरिन द्यायचे आणि काही महिन्यांनी लंडनला पौंडांत परतफेड घ्यायची. दोन नाण्यांच्या दरांतील फरकात नफा दडलेला असे. वहीत व्याज हा शब्द नसला, तरी कोसिमोच्या मनातून तो गेला नव्हता. त्याचा समकालीन चरित्रकार वेस्पासियानो सांगतो की, आपल्या संपत्तीत अन्यायाचे धन मिसळले आहे ही टोचणी त्याने पोप चौथा युजीन याच्यापुढे मांडली. पोपने सान मार्को मठासाठी दहा हजार फ्लोरिन खर्चावयास सांगितले. कोसिमोने चाळीस हजारांहून अधिक खर्चिले. मिकेलोत्सोने मठ बांधला, भिक्षू फ्रा आन्जेलिकोने भिंती रंगविल्या आणि तेथेच प्रार्थनेसाठी कोसिमोने स्वतःची एक खोली राखली.

एवढ्यावरून त्याला संत समजणे भाबडेपणाचे होईल. १४३३ मध्ये आल्बित्सी पक्षाने त्याला कैद करून हद्दपार केले. वर्षभरात तो परतला आणि त्याने विरोधकांना देशोधडीला लावले. नगरीचे अधिकारी पिशवीतून चिठ्ठ्या काढून निवडीत. त्या पिशव्यांत कोणाची नावे पडावीत, हे त्याची माणसे ठरवीत. सिंहासनावर न बसता तीस वर्षे त्याने राज्य केले.

त्याचा नातू लोरेन्झो याने नोंदविले आहे की, १४३४ ते १४७१ या काळात घराण्याने इमारती, दानधर्म व कर यांवर ६,६३,७५५ फ्लोरिन खर्च केले. आकडा थक्क करणारा आहे; पण दानाचा हिशेबही वहीत मांडून ठेवणारे हे घराणे होते, हे त्यातून दिसते.

१४६४ साली कोसिमो निवर्तला. नगरीने त्याच्या थडग्यावर राष्ट्रपिता ही पदवी कोरली. पुढे घराण्यात पोप झाले, फ्रान्सची राणी झाली. पेढी मात्र १४९४ मध्ये बुडाली.

दानाने पाप धुतले जाते काय? ज्यांच्याकडून तो नफा आला, त्यांना त्या मठाचा काय उपयोग, असे मला अजूनही वाटते. तरीही एक गोष्ट मी त्याच्या जमेस धरतो. निक्कोलो निक्कोली हा विद्वान कर्जबाजारी होऊन वारला, तेव्हा कोसिमोने त्याची देणी भागविली आणि त्याची हस्तलिखिते सान मार्कोत ठेवून ग्रंथालय वाचकांना खुले केले. ज्याच्या घरी एकही ग्रंथ नाही, असा वाचकही तेथे बसून वाचू शकला. आपल्या ग्रंथालयात बसून हे टिपण लिहिताना त्या वाचकाविषयी मला जवळीक वाटली.