ठिणगीमागचा माणूस

गेल्या रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन खाली उतरलो, तर भाचा पार्किंगमध्ये मोटारसायकलपाशी उकिडवा बसलेला. तो चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला आहे, त्या आठवड्यात दुसरी पाळी. गाडी पल्सर, तिच्या एका सिलिंडरला दोन प्लग. जुने प्लग वर्तमानपत्रावर काढून ठेवलेले आणि बाजूला नव्या प्लगच्या दोन जोड्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. एकीवर ४ चा आकडा, दुसरीवर ८ चा. मोठ्या आकड्याचा लावला की गाडी जास्त पळेल ना, असं त्यानं विचारलं आणि मी कप कट्ट्यावर ठेवला.

कारण या प्रश्नाचं चुकीचं उत्तर मी एकदा पैसे मोजून विकत घेतलं आहे. मुलगी दोन वर्षांची असताना आम्ही तिघं स्कूटरवरून पनवेलहून चिंचवडला परतत होतो. निघताना एका दुकानात प्लग बदलून घेतला. दुकानदारानं आटे बसतात एवढंच पाहिलं, मीही तेवढंच पाहिलं. घाटात शिंग्रोबाचं देऊळ मागे पडलं आणि इंजिन खडखडू लागलं. मग ताकद गेली, मग गाडीच बंद. पिस्टनच्या माथ्याला भोक पडलं होतं. रात्रीची वेळ, वर पाऊस, अंगावरून जाणारे ट्रक आणि बायकोच्या पदराखाली झोपलेली मुलगी. एका टेम्पोवाल्यानं लोणावळ्यापर्यंत आणून सोडलं म्हणून बरं. दुरुस्तीत त्या महिन्याचा पगार गेला. बायको त्यानंतर दोन वर्षं माझ्यामागे स्कूटरवर बसली नाही, ते मला पगारापेक्षा जास्त लागलं.

तेव्हापासून या बोटाएवढ्या वस्तूचं मला वेड लागलं, आणि त्या वेडापायी एका माणसाची ओळख झाली. नाव त्याचं आपल्या परिचयाचं आहे, माणूस मात्र नाही. नाशिकला मायको सर्कल माहीत नसलेला रिक्षावाला सापडणार नाही. त्या मायको कंपनीचे प्लग एके काळी आपल्याकडच्या स्कूटरच्या डिकीत हमखास असत. १९५१ साली बंगळूरला निघालेली ही कंपनी मूळ जर्मन बॉशची. २००८ साली तिनं नावही बॉश असंच घेतलं. चाकणजवळ नाणेकरवाडीला ब्रेकच्या कारखान्यावर हेच नाव मी वाचलं, तेव्हा ते एका हाडामांसाच्या माणसाचं आडनाव आहे हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

रॉबर्ट बॉश जन्मला १८६१ साली, दक्षिण जर्मनीत उल्मजवळच्या आल्बेक गावी. बारा भावंडांतला अकरावा. वडिलांची शेती आणि गाडीवानांसाठी खाणावळवजा उताराची जागा. पोराला शाळेची फारशी गोडी नव्हती म्हणून उल्मच्या एका यंत्र-कारागिराकडे उमेदवारीला ठेवलं. उस्तादाचं शिकवण्याकडे लक्ष नव्हतं. ती वर्षं फुकट गेल्याची रुखरुख बॉशला जन्मभर राहिली. पुढं १९१३ साली त्यानं आपल्या कारखान्यात उमेदवारांसाठी वेगळं शिक्षणाचं दालन उघडलं, त्यामागे ही रुखरुख होती असं मला वाटतं.

बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी तो अमेरिकेला गेला, एडिसनच्या कारखान्यात काम केलं, तिथल्या कामगार संघटनेचा सभासद झाला. मग इंग्लंडमध्ये सीमेन्सकडे काही काळ. अखेर १८८६ च्या नोव्हेंबरात, वडिलांच्या मागे मिळालेल्या दहा हजार मार्कांच्या भांडवलावर, श्टुटगार्टमध्ये एका घराच्या मागच्या अंगाला त्यानं कर्मशाळा काढली. मदतीला एक कारागीर आणि एक निरोप्या पोरगा. टेलिफोन बसव, विजेच्या घंटा दुरुस्त कर, मिळेल ते काम. सायकलवरून गिऱ्हाइकांकडे जाणारा हा मालक गावात कौतुकाचा विषय होता. पहिली कित्येक वर्षं कर्जाचीच. घरून आईचा आधार नसता तर दुकान बुडालं असतं.

वर्षभरातच एका गिऱ्हाइकानं इंजिनाला ठिणगी देणारं मॅग्नेटो बनवून मागितलं. तसं यंत्र दुसऱ्या एका कंपनीनं केलं होतं. बॉश ते पाहून आला, त्याचं पेटंट नाही याची खात्री करून घेतली आणि त्यात सुधारणा करून नवं बनवलं. अस्सल शोध त्याचा नव्हे, हे कबूल करायला हवं. पण कारागिरी त्याची होती.

त्या काळी इंजिन पेटवणं हेच मोठं दुखणं होतं. कुणी सिलिंडरबाहेर दिवा जाळून नळी लाल तापवायचे, कुणी बॅटरी लावायचे आणि ती वाटेत उतरायची. मॅग्नेटोला दोन्ही नको. चुंबकाच्या पोटात तारेचं वेटोळं हललं की वीज तयार. पण ते वेटोळं जड, संथ चालणाऱ्या बसक्या इंजिनापुरतं. १८९७ साली फ्रेडरिक सिम्स या व्यापाऱ्यानं बॉशकडे द दियों-बुताँ कंपनीची तीनचाकी मोटार आणली. तिचं इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेई. बॉशच्या कारखान्यातला मुकादम आर्नॉल्ड त्सेरिंगर यानं तोड काढली. जड वेटोळं स्थिर ठेवायचं आणि त्याभोवती हलकं धातूचं आवरण हलवायचं. रस्त्यावरच्या वाहनाला मॅग्नेटो लागू पडलं ते असं.

तरी सिलिंडरच्या आत कांड्या आणि संपर्क हलते ठेवावे लागतच. तो त्रास संपवला गॉटलोब होनोल्डनं. हा बॉशकडेच उमेदवारी केलेला, नंतर शिकून परत आलेला इंजिनिअर. त्यानं १९०२ साली उच्च दाबाचं मॅग्नेटो आणि त्यासोबत आजच्या घडणीचा स्पार्क प्लग तयार केला. आत काहीच हलायचं नाही. दोन टोकं, मध्ये फट, त्या फटीतून वीज उडी मारणार. पुढे मोटारगाड्या जगभर पसरल्या आणि बॉशचा माल त्यांच्यासोबत गेला. कंपनीचं वर्तुळातलं चिन्ह आपण सगळेच पाहतो. १९१८ सालचं ते चिन्हही होनोल्डचंच, त्याच मॅग्नेटोच्या गाभ्याचं. नाव मालकाचं, चिन्ह नोकराचं. मला ही वाटणी आवडते.

प्लगची खरी गंमत फटीच्या मागे आहे. पांढऱ्या चिनीमातीचं टोक इंजिनात इतकं तापलं पाहिजे की काजळी जळून जावी, म्हणजे साधारण ५०० अंशांच्या आसपास. पण ९०० च्या घरात गेलं की ठिणगीची वाट न पाहता ते टोकच पेट्रोल पेटवू लागतं. माझ्या पिस्टनचं झालं ते हेच. उष्णता लवकर बाहेर सोडणारा तो थंड प्लग, धरून ठेवणारा तो गरम. घाट चढणाऱ्या, ताणल्या जाणाऱ्या इंजिनाला गरम प्लग घातक. सिग्नलला अडत-अडत जाणाऱ्याला फार थंड प्लग दिला, की त्यावर काजळी चढते. आकड्यांचा घोळ असा, की बॉशच्या आजच्या पद्धतीत आकडा वाढला की प्लग गरम, आणि जपानी एनजीकेच्या पद्धतीत आकडा वाढला की थंड.

बॉशकडे वळायचं तर त्याला लाल बॉश म्हणत. १९०६ साली त्यानं कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू केला. इतर मालक चिडले. यात निव्वळ उदारपणा नव्हता. आठ-आठ तासांच्या दोन पाळ्यांत यंत्रं जास्त वेळ चालत आणि दमलेला हात माल बिघडवत नसे, हे त्याला कळलं होतं. भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या आपल्या पिंपरी-चिंचवडला हे वेगळं सांगायला नको. याच कारखान्यात १९१३ साली मोठा संपही झाला, आणि तो त्याच्या फार जिव्हारी लागला.

पहिल्या महायुद्धात कारखान्याला भरपूर नफा झाला. तो पैसा त्याला बोचत असावा, कारण त्यातला मोठा भाग त्यानं लोकोपयोगी कामांना देऊन टाकला. १९२१ साली मुलगा दीर्घ आजारानं गेला. होमिओपॅथीवर त्याची श्रद्धा होती, १९४० साली श्टुटगार्टला त्यानं रुग्णालय काढलं तेही त्या पद्धतीचं.

शेवटचं पर्व मात्र अवघड आहे. नाझींविषयी त्याला तिटकारा होता. हिटलरविरोधी गोर्डेलरला त्यानं कंपनीत सल्लागार म्हणून आश्रय दिला. हान्स वाल्त्स आणि इतर सहकाऱ्यांनी ज्यूंना गुपचूप मदत केली, वाल्त्स यांचा त्यासाठी १९६९ साली इस्रायलनं गौरव केला. आणि याच कारखान्यांत युद्धसामग्री बनत होती, हजारो वेठबिगार राबत होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीनं दुसरी पुसता येत नाही. १२ मार्च १९४२ रोजी बॉश गेला, तेव्हा त्याला नको असलेल्या त्याच सरकारनं त्याची सरकारी इतमामानं अंत्ययात्रा काढली. त्याला नाही म्हणायची सोय नव्हती. आज कंपनीचे नव्वद टक्क्यांहून अधिक भाग त्याच्या नावाच्या धर्मादाय संस्थेकडे आहेत.

हे सगळं काही मी भाच्याला सांगितलं नाही. त्याला म्हटलं, गाडीची पुस्तिका आण. पुस्तिकेत दोन्ही कंपन्यांचे क्रमांक होते. ४ चा आणि ८ चा, दोन्ही प्लग जवळजवळ सारख्याच स्वभावाचे निघाले! त्यानं आट्यांची लांबी जुन्याशी ताडून पाहिली, फट मोजली. जुन्या प्लगांची टोकं फिकट तपकिरी होती, म्हणजे इंजिनाची तब्येत ठीक. एक जोडी दुकानात परत द्यायला बाजूला ठेवली. नवे प्लग मी त्याला आधी पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी फिरवायला लावले. आटे सरळ बसले तर बोटांनी आत जातात, अडले तर उपसून पुन्हा. मग पान्यानं अर्धा फेरा.

पहिल्याच बटणाला गाडी सुरू झाली. वर गॅलरीतून बायको बघत होती. दुपारी तो पाळीला निघाला तेव्हा ती खाली आली, त्याच्या हेल्मेटचा पट्टा ओढून पाहिला आणि नाशिक फाट्याला सावकाश जा म्हणून सांगितलं.