वाल्टर नेर्न्स्ट

वाल्टर हेर्मान नेर्न्स्ट (२५ जून १८६४ – १८ नोव्हेंबर १९४१) हे जर्मन भौतिक रसायनशास्त्रज्ञ होते. उष्मारसायनशास्त्रातील कार्यासाठी त्यांना १९२० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मोटारगाडीतील ऑक्सिजन सेन्सर त्यांनी मांडलेल्या समीकरणावर आधारलेला आहे.

जीवन व संशोधन

नेर्न्स्ट यांचा जन्म पश्चिम प्रशियातील ब्रीझेन येथे झाला. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. १८८७ मध्ये व्युर्ट्सबुर्ग येथे डॉक्टरेट मिळवल्यावर ते लाइपझिगला विल्हेल्म ओस्टवाल्ड यांचे सहायक झाले. विद्युत्‌घटातील पदार्थांच्या संहतीवरून त्याचा विद्युत्‌दाब काढण्याचे समीकरण त्यांनी १८८९ मध्ये मांडले.

गटिंगेन येथे १८९७ मध्ये त्यांनी विजेचा एक नवा दिवा तयार केला. त्यातील कांडी झिर्कोनियम ऑक्साइडमध्ये यिट्रियम ऑक्साइड मिसळून केलेली होती. ती थंड असताना वीज वाहून नेत नसे; म्हणून दिवा लावण्यापूर्वी ती तापवावी लागे. टंगस्टनच्या तारेचे दिवे आल्यावर हा दिवा मागे पडला. १९०५ मध्ये नेर्न्स्ट बर्लिनला गेले. तेथे त्यांनी मांडलेले उष्मा-प्रमेय पुढे उष्मागतिकीचा तिसरा नियम म्हणून मान्य झाले.

मोटारगाडीची त्यांना फार आवड होती. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच, पन्नाशीत असूनही, ते स्वतःची गाडी घेऊन चालक म्हणून सैन्यात दाखल झाले. युद्धात रासायनिक अस्त्रांच्या आरंभीच्या प्रयोगांतही त्यांचा सहभाग होता. याच युद्धात त्यांचे दोन्ही पुत्र मारले गेले. १९३३ मध्ये, नाझी सत्तेवर आले त्या वर्षी, ते निवृत्त होऊन त्सिबेले येथील आपल्या शेतवाडीवर राहू लागले. त्यांच्या दोन मुलींचे पती ज्यू होते; त्या मुलींना देश सोडावा लागला. त्सिबेले येथेच नेर्न्स्ट यांचे निधन झाले.

मोटारगाडीतील उपयोग

१९७६ मध्ये बॉश कंपनीचा ऑक्सिजन सेन्सर प्रथम व्होल्व्हो गाड्यांत बसवण्यात आला. नेर्न्स्ट यांचे समीकरण आणि त्यांच्या दिव्यातील पदार्थ ही दोन्ही त्यात एकत्र आली. झिर्कोनियम ऑक्साइडच्या टोपणाच्या आत बाहेरची हवा व बाहेर इंजिनाचा धूर असतो. दोन्हींकडील ऑक्सिजनच्या प्रमाणातील फरकामुळे विद्युत्‌दाब निर्माण होतो. इंधन जास्त झाल्यास तो सुमारे ०.९ व्होल्ट, तर हवा जास्त झाल्यास सुमारे ०.१ व्होल्ट असतो. त्यावरून गाडीतील संगणक इंधनाचे प्रमाण ठरवतो. दिव्याच्या कांडीप्रमाणेच हा सेन्सरही तापल्याशिवाय काम करत नाही. त्याला सुमारे ३०० अंश सेल्सियस तापमान लागते.

जुन्या गाडीत तो इंजिनाजवळच्या धूरनळीवर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या अलीकडे आढळतो. पुढील काळातील गाड्यांत कन्व्हर्टरच्या पलीकडे दुसराही सेन्सर असतो. एकाच तारेचा सेन्सर धुराच्या उष्णतेवर तापतो. तीन किंवा चार तारांच्या सेन्सरमध्ये स्वतंत्र तापक असतो. धूरनळीला भेग असल्यास बाहेरची हवा आत शिरते आणि चांगला सेन्सरही हवा जास्त असल्याचे दाखवतो. म्हणून तो बदलण्यापूर्वी नळी व तारा तपासणे आवश्यक असते. गंजलेले आटे सोडवण्यासाठी त्यांवर गंज सैल करणारे तेल सोडतात आणि नळी कोमट असताना, बहुधा २२ मिलिमीटरच्या पान्याने, सेन्सर काढतात. नव्या सेन्सरच्या आट्यांना उष्णतारोधक वंगण लावतात; ते टोकाला लागल्यास सेन्सर निकामी होऊ शकतो.

शिसेयुक्त पेट्रोलनेही सेन्सर व कन्व्हर्टर निकामी होतात. भारतात १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तेव्हा तेथे शिसेविरहित पेट्रोलही उपलब्ध करून देण्यात आले.