द्वारकानाथ कोटणीस
डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१० ऑक्टोबर, इ.स. १९१० : सोलापूर, महाराष्ट्र - ९ डिसेंबर, इ.स. १९४२ : हबेई, चीन) हे चीन-जपान युद्धात जखमी चिनी सैनिकांची सेवा करणारे मराठी शल्यचिकित्सक होते. चीनमध्ये ते 'के दीहुआ' या नावाने ओळखले जातात.

जन्म आणि शिक्षण

कोटणीसांचा जन्म सोलापुरात एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. मुंबईतील परळच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली. पुढील शिक्षणाची तयारी सुरू असतानाच चीनला डॉक्टर पाठवण्याचे आवाहन त्यांच्या कानी आले आणि त्यांनी आपले नाव दिले.

चीनला प्रयाण

चिनी सेनापती चू-दे यांच्या विनंतीवरून भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने इ.स. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. तेव्हा सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. पथकाचे प्रमुख डॉ. मदन मोहन अटल हे स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आले होते. कोटणीसांखेरीज नागपूरचे डॉ. चोळकर, डॉ. देबेश मुखर्जी आणि डॉ. बिजय कुमार बसू हे अन्य सदस्य होत. सप्टेंबर १९३८ मध्ये पथकाने मुंबई सोडली. चीनमध्ये पोहोचल्यावर काही काळातच कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. घरी परतण्याची मोकळीक असूनही ते परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. पुढे सहकारी एकेक करून मायदेशी गेले. कोटणीस मात्र तेथेच राहिले.

बेथून यांचा मृत्यू आणि हातमोज्यांचा प्रश्न

कोटणीसांचे कार्य समजून घेण्यासाठी कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथून यांच्या मृत्यूची हकिकत माहीत असणे आवश्यक आहे. ऑक्टोबर १९३९ च्या अखेरीस शस्त्रक्रिया करताना बेथून यांच्या बोटाला जखम झाली. काही दिवसांनी त्यांनी डोक्याच्या जखमेत तीव्र संसर्ग झालेल्या एका सैनिकावर हातमोज्यांविनाच शस्त्रक्रिया केली. बोटातून शिरलेल्या जंतूंमुळे रक्तदोष होऊन १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचे निधन झाले. पेनिसिलिन तेव्हा उपचारात आलेले नव्हते. त्यामुळे एक लहानशी जखमही प्राणघातक ठरू शकत असे.

शस्त्रक्रियेसाठी रबरी हातमोजे तोवर अपरिचित राहिले नव्हते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे विल्यम हॉल्स्टेड यांनी इ.स. १८८९-९० च्या सुमारास ते प्रथम करवून घेतले, आणि तेही जंतूंसाठी नव्हे. कॅरोलिन हॅम्प्टन या परिचारिकेच्या हातांची त्वचा जंतुनाशक द्रावणाने होरपळत होती, म्हणून. रुग्णाचेही त्यामुळे रक्षण होते, हे नंतर ध्यानात आले. आज शस्त्रक्रियेसाठी निर्जंतुक, तपासणीसाठी साधे आणि लॅटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी नायट्राइलचे, अशी निवड करता येते. पहाडी गावांत, शत्रूच्या नाकेबंदीत काम करणाऱ्या डॉक्टरांपुढे निवडीचा प्रश्नच नव्हता. वस्तू मिळेल की नाही, एवढाच प्रश्न होता. त्या काळचे हातमोजे उकळून पुन्हा पुन्हा वापरले जात, आणि बारीक छिद्र पडलेला हातमोजा संरक्षणाचा केवळ भास निर्माण करतो. बेथून यांची चूक दाखवणे सोपे आहे. परंतु समोर रक्तस्राव होत असलेला रुग्ण असताना हातमोज्यांची वाट पाहावी काय, याचे उत्तर तितके सोपे नाही.

रुग्णालयाचे संचालक

जानेवारी १९४१ मध्ये बेथून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद कोटणीसांकडे आले. तत्पूर्वी इ.स. १९४० मधील एका प्रदीर्घ लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या होत्या. रुग्णालयाला जोडलेल्या शाळेत ते चिनी भाषेतून शिकवत. शल्यशास्त्रावरील एक पाठ्यपुस्तक त्यांनी लिहिले. दुसरे अपूर्ण राहिले. त्यांच्या चरित्रात लढाईची वर्णने अधिक येतात, परंतु हे अध्यापनकार्य त्याहून कमी महत्त्वाचे नव्हते. प्रशिक्षित माणसे हीच तेथील सर्वांत दुर्मीळ सामग्री होती.

इ.स. १९४१ मध्ये त्यांनी परिचारिका ग्वो चिंगलान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव 'यिनहुआ' ठेवण्यात आले. 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. कोटणीसांच्या चिनी नावातही हाच 'हुआ' आहे.

मृत्यू आणि स्मारके

अपस्माराच्या झटक्यांनी त्यांची प्रकृती खालावत गेली. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तेव्हा मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच, इ.स. १९६७ मध्ये, त्याचेही निधन झाले. शिजियाझुआंग येथील हुतात्मा उद्यानात कोटणीस आणि बेथून या दोघांच्याही समाधी आहेत. व्ही. शांताराम यांनी इ.स. १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट काढून स्वतःच कोटणीसांची भूमिका केली. त्याचा आधार ख्वाजा अहमद अब्बास यांचे पुस्तक होते. सोलापूर येथे कोटणीसांच्या जन्मघरी त्यांचे स्मारक आहे.