दीनमित्रकार मुकुंदराव पाटील

वृत्तपत्रे ही समाजाची दृष्टी होय; परंतु ती एकाच बाजूस पाहू लागली, तर दुसऱ्या बाजूच्या लोकांनी काय करावे? याचे उत्तर मुकुंदराव पाटील यांनी आपल्या आयुष्याने दिले.

१८८५ साली जन्मलेले मुकुंदराव हे 'दीनबंधु' पत्राचे संस्थापक कृष्णराव भालेकर यांचे चिरंजीव. त्या काळी शहरी पत्रांत शेतकऱ्याच्या गाऱ्हाण्यास क्वचितच जागा मिळे. म्हणून मुकुंदरावांनी १९१० साली 'दीनमित्र' साप्ताहिक काढिले आणि पुढे ते नेवासे तालुक्यातील तरवडी या खेड्यातून नेटाने चालविले. १९१३ साली त्यांचे 'कुलकर्णी लीलामृत' प्रसिद्ध झाले. गावचे दप्तर ज्याच्या हाती, त्याच्या लेखणीने निरक्षर शेतकरी कसा नागविला जाई, हे त्यांनी पोथीच्या थाटात, उपहासाने वर्णिले. पोथी ऐकण्यास सरावलेल्या खेडुतांस ते सहज उमगले. पुढे १९१८ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातील कुलकर्णी वतने बंद केली. मुकुंदराव १९६७ साली निवर्तले. तोवर 'दीनमित्र' चालू होते.

सुरगाण्यासारख्या डोंगराळ मुलखात राहणाऱ्या आम्हांस हे चरित्र विशेष जवळचे वाटते. आपल्या मुलामुलींनी छापील मजकूर पारखून वाचावा आणि आपली बाजू स्वतः लिहावयास शिकावे, एवढीच ज्ञातिबांधवांस आमची विनंती.