मध्यरात्रीचा निरोप
(सरदार के. एम. पणिक्कर यांच्याविषयी)

फाजल अली, कुंझरू आणि पणिक्कर. राज्य पुनर्रचना आयोगाची ही तीन नावे आपण वर्गात एका दमात पाठ केली होती. विदर्भ वेगळा आणि बाकीचे मुंबई राज्य द्विभाषिक, अशी शिफारस करणाऱ्या या मंडळींविषयी आपल्याकडे ममत्व असण्याचे कारण नव्हते. पुढे वाचनाच्या नादात यातले तिसरे नाव मला पुन्हा भेटले, आणि तेही थेट पेकिंगमध्ये!

पणिक्करांचा जन्म 1895 चा, केरळातल्या कावालमचा. ऑक्सफर्डला शिकले, अलीगढला शिकवले, हिंदुस्तान टाइम्सचे पहिले संपादक झाले, बिकानेरचे दिवाण झाले. मल्याळममध्ये कविता आणि कादंबऱ्याही लिहिल्या. 1948 मध्ये नेहरूंनी त्यांना राजदूत म्हणून चीनला पाठवले. ते गेले चँग कै-शेकच्या राजवटीत, पण वर्षभरात सत्ता माओंकडे गेली. भारताने नव्या सरकारला मान्यता दिली आणि पणिक्कर पेकिंगला आले.

जून 1950 मध्ये कोरियात युद्ध पेटले. अमेरिकेचा पेकिंगमध्ये राजदूतच नव्हता. त्यामुळे चीनला अमेरिकेपर्यंत काही पोहोचवायचे तर मध्यस्थ लागे. 2 ऑक्टोबरच्या रात्री पणिक्कर झोपलेले असताना त्यांना उठवण्यात आले. मध्यरात्र उलटल्यावर पंतप्रधान चौ एन-लाय यांनी त्यांना घरी बोलावले होते. निरोप स्पष्ट होता : अमेरिकन फौजा 38 वे अक्षवृत्त ओलांडून उत्तरेकडे आल्या, तर चीन युद्धात उतरेल. पणिक्करांनी त्याच रात्री दिल्लीला तार केली. दिल्लीने तो निरोप लंडन आणि वॉशिंग्टनला कळवला.

वॉशिंग्टनने तो मानला नाही. पणिक्कर चीनकडे झुकलेले आहेत, तेव्हा ही नुसती धमकी असणार, असा तिथला समज. अमेरिकन सैन्य पुढे गेले. त्याच महिन्यात चिनी फौजा यालू नदी ओलांडून आल्या आणि नोव्हेंबरअखेरच्या त्यांच्या हल्ल्याने युद्धाचे पारडे फिरले. युद्धविराम व्हायला जुलै 1953 उजाडला.

पण मला त्यांना निर्दोष ठरवायचे नाही. त्याच ऑक्टोबरात चीनने तिबेटमध्ये सैन्य घुसवले. तेव्हा आपल्या राजदूताने चीनची बाजू फार समजून घेतली, असा ठपका सरदार पटेलांनी नेहरूंना लिहिलेल्या पत्रात ठेवला. माझ्या मते या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच. चीनविषयीच्या आपुलकीमुळे पणिक्करांसाठी तिथली दारे मध्यरात्रीही उघडली. त्याच आपुलकीमुळे त्यांचा खरा निरोप खोटा वाटला, आणि तिबेटच्या बाबतीत त्यांची नजर मंदावली.

पुढे ते इजिप्तला गेले, मग आयोगावर आले, नंतर फ्रान्समध्ये राजदूत झाले. 1963 मध्ये म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू असताना त्यांचे निधन झाले.

आपल्यापैकी कितीजणांनी बँकेत, कचेरीत, शाळेत वरिष्ठांना नको असलेली बातमी पोहोचवली असेल! बातमी खरी असून भागत नाही. सांगणाऱ्यावर ऐकणाऱ्याचा विश्वास लागतो. आणि ऐकणाऱ्यानेही माणूस आवडत नाही म्हणून निरोप टाकून देऊ नये. शिक्षक मित्रांनो, ही तीन नावे मुलांकडून जरूर पाठ करून घ्या. पण तिसऱ्यापाशी दोन मिनिटे थांबा.